पुन्हा एकदा निरक्षर

गेल्या जूनमधल्या एका रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मी निरक्षर झाले. वय ४३, शिक्षण एम.कॉम., नोकरी विमा कंपनीत. दिवसभराचं काम काय, तर लोकांनी भरलेले अर्ज वाचायचे आणि त्यातल्या चुका काढायच्या. आणि समोर ठेवलेल्या कागदावरचा एक शब्द मला वाचता येईना. भाषा मराठी, लिहिणारा मराठी, वाचणारीही मराठी. वर आडवी रेघ आणि खाली कोंबडीचे पाय शाईत बुडवून नाचवल्यासारखी वळणं. शेजारी बसलेले काका तलाठी म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि मला हळूच म्हणाले, "आपल्याला तर 'श्री'सुद्धा लागेना हो!"

'लागणं' हा मोडी लिपी वाचणाऱ्यांचा शब्द. अक्षर लागतं किंवा लागत नाही. गणित सुटतं, कुलूप उघडतं, तसं अक्षर लागतं. त्या दिवशी वर्गातल्या आम्हां अकरा जणांपैकी एकालाही काही लागत नव्हतं.

मी मोडीच्या वाटेला गेले ती इतिहासाच्या प्रेमापोटी नाही, हे आधीच सांगून टाकते. वाईजवळचं आमचं माहेरचं घर विकलं तेव्हा भावानं तांब्याचं घंगाळ नेलं, बहिणीनं पाट आणि समया नेल्या. माझ्या वाट्याला विटक्या लाल फडक्यात बांधलेला कागदांचा एक रुमाल आला. खरं तर कुणालाच नको होता म्हणून आला. बाबा असेपर्यंत सांगायचे, त्यात पेशव्यांची सनद आहे. वाचलेली मात्र कुणीच नव्हती. पणजोबांना मोडी येत होती, आजोबांना येत होती. बाबा शाळेत जाऊ लागले तोवर ती अभ्यासातून गेली. १९५० च्या आसपास सरकारी कामातूनही मोडी उठली आणि सगळीकडे बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, आली. दोन पिढ्यांत घरचे कागद घरालाच परके झाले. वर्षभर तो रुमाल माझ्या कपाटात साड्यांच्या वर पडून होता. मग आमच्या पेठेतल्या एका वाचनालयाच्या दारावर मोडीच्या वर्गाचा कागद चिकटवलेला दिसला. फी नाममात्र, वेळ रविवार सकाळ. नाव घातलं.

शिकवणारी मुलगी पंचविशीतली, इतिहासात एम.ए. केलेली. आम्ही तिला मॅडम म्हणतो आणि ती आम्हाला काका-काकू. पहिल्या दिवशी तिनं फळ्यावर एक लांबलचक रेघ ओढली आणि मग त्या रेघेला एकेक अक्षर टांगत गेली, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं. मोडीत रेघ आधी येते आणि अक्षरं मागून. हात न उचलता लिहीत जायचं, म्हणजे लिखाण झरझर होतं. दरबारात, कचेरीत, सावकाराच्या पेढीवर हीच घाई होती, म्हणून तर ही लिपी शेकडो वर्षं टिकली. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. विरामचिन्हं नाहीत. एकट्या 'र'ची मागचं-पुढचं अक्षर बघून बदलणारी अनेक रूपं. त्याच्याशी झगडण्यात माझे दोन आठवडे गेले. आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तर जवळजवळ पाळलाच जात नाही. हे घरी सांगितलं तेव्हा आमचे आठवीतले चिरंजीव पहिल्यांदा या विषयात रस घेऊन म्हणाले, "मग आमचा मराठीचा पेपर मोडीत घ्या म्हणावं."

तर, रेघ आधी. ऐकायला काय सोपं! पण माझा हात गेली ३७ वर्षं अक्षर काढून वर रेघ देतोय. मी न चुकता आधी अक्षर काढायची आणि मॅडम न चुकता बाकाशी येऊन म्हणायच्या, "काकू, रेघ आधी."

पालकमंडळींना हे सगळं सांगायचं कारण माझी दुसरीतली लेक. ती ३ आणि ६ ची गल्लत करते. ३६ ला ६३, आणि कधीकधी एकाच गणितात दोन्ही. रात्री स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून मी तिची वही बघायची आणि माझं वाक्य ठरलेलं असायचं: "डोळे कुठे असतात गं तुझे?" तुमच्याही घरात या वाक्याची एखादी बहीण नांदत असेल. किती वेळा सांगायचं, आत्ताच तर दाखवलं होतं, लक्ष नाहीच मुळी.

जुलैतल्या एका रविवारी मी एकच अक्षर ओळीनं अकरा वेळा चुकीचं काढलं. शाळेच्या वहीत येतं तसं, पहिलं जरा बरं आणि खाली खाली अधिकाधिक बिघडत गेलेलं. माझे डोळे जागेवर होते. लक्षही होतं. इतकं लक्ष मी ऑडिटच्या वेळीसुद्धा दिलेलं नाही. मॅडमनी वही बघितली, म्हणाल्या, "असू दे. हात अजून बाळबोधातला आहे." आणि पुढच्या बाकाकडे गेल्या. मी त्या अकरा अक्षरांकडे बघत बसले. माझे डोळे कुठे आहेत, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

पुढे याबद्दल थोडं वाचलं, तेव्हा कळलं ते असं. मेंदूच्या दृष्टीनं डावीकडे तोंड केलेली मांजर आणि उजवीकडे तोंड केलेली मांजर एकच असते. ती एकच वाटली पाहिजे, नाहीतर जगणं कठीण व्हायचं. अक्षर-अंकांच्या जगात मात्र हा नियम मोडावा लागतो. तोंड फिरवलं की ३ चा ६ होतो. म्हणजे आपली मुलं त्या वयात नुसतं शिकत नसतात, जन्मापासूनची पक्की सवय पुसतही असतात. स्तानिस्लास द्हेन या फ्रेंच शास्त्रज्ञानं वाचनाच्या विज्ञानावर लिहिताना हे फार छान उलगडलं आहे. आणि मोठ्यांचं म्हणाल तर २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आपल्याकडचाच आहे, लखनऊजवळच्या खेड्यांतला. कधी शाळा न पाहिलेल्या, बहुतेक तिशीतल्या बायकांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं. आधी आणि नंतर मेंदूची चित्रं घेतली. सहा महिन्यांत त्या पहिलीतल्या मुलाइतकं वाचू लागल्या आणि बदल मेंदूच्या वरच्या पापुद्र्यातच नव्हे, तर थॅलॅमस, मेंदूचं खोड अशा खोलवरच्या, पार जुन्या भागांतही दिसला. भाजलेल्या मडक्याला माती चिकटत नाही, असं आपण मोठ्या माणसांबद्दल गृहीत धरतो. पण मडकं तितकंसं भाजलेलं नसतं.

आता कुणी म्हणेल, छान! आई मोडी शिकली, तिला मुलीची अडचण कळली, आई अधिक चांगली आई झाली. इथेच मला तुमच्याशी जरा भांडायचं आहे.

आपण पालक झालो की आपलं सगळं मुलांच्या खात्यात जमा करायची सवय लागते. फिरायला जायचं, तर मुलांना निसर्ग दिसावा म्हणून. पुस्तकं घ्यायची, तर घरात वाचनाचं वातावरण हवं म्हणून. स्वतः काही शिकायचं झालं, तरी मुलांसमोर आदर्श राहावा म्हणून. माझं निरीक्षण असं की मुलं आपल्या आदर्शाकडे ढुंकून बघत नाहीत, त्यांना आपली फजिती बघायला आवडते. माझी लेक माझी मोडीची वही स्वतःहून उघडते ती लाल शाईच्या खुणा मोजायला. एकदा तिनं चौदा मोजल्या आणि आजीला जाऊन सांगितलं. त्यातून ती काय शिकली, मला ठाऊक नाही आणि मी त्याचा हिशेब ठेवणार नाही. मोडी मी माझ्यासाठी शिकले. मला त्यातून काय मिळालं, तेवढंच मी खात्रीनं सांगू शकते.

मुलाच्या तबल्याच्या क्लासबाहेर एक जिना आहे. त्या जिन्यात आम्ही आयाबाबा गेली चार वर्षं बसतोय. आतून धा धिं धिं धा ऐकू येतं, बाहेर आम्ही मोबाइल खालीवर सरकवतो, एकमेकांना शाळेची फी विचारतो, डास मारतो. एक गृहस्थ तर रिक्षाच्या भाड्यावरून ठरलेलं भांडण दर शुक्रवारी फोनवर करतात. चार वर्षांत त्या जिन्यात आमच्यापैकी कुणाला तबल्याचा एक बोल आला असेल, तर शपथ. मला दोष द्यायचा नाही. आपण दमलेले असतो. पण हेही खरं, की शिकणं म्हणजे दाराच्या आत मुलांनी करायची गोष्ट आणि आपलं काम चपला सांभाळायचं, ही वाटणी आपण कधी कबूल केली, ते आठवत नाही.

सोपं होतं असं अजिबात नाही. रविवारी सकाळी साडेदहाच्या वर्गाला पोचायचं, म्हणजे नऊला पोहे, पावणेदहाला कणीक भिजवलेली, भाजी चिरून फ्रिजमध्ये. सासूबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, "परीक्षा असते का त्याची?" नाही म्हटल्यावर, "मग कशाला?" त्यांचा प्रश्न खोचक नव्हता, खरोखरचा होता. त्यांच्या उभ्या आयुष्यात ज्याची परीक्षा नाही, पगार नाही आणि जे पानात वाढता येत नाही, असं काही त्यांना कुणी शिकू दिलं नव्हतं. नवऱ्याचा उत्साह तीन रविवार टिकला. ऑगस्टमध्ये त्याचे आतेभाऊ जेवायला यायचे होते आणि मी वर्गाला जाणार म्हणाले, तेव्हा आमचं चांगलं वाजलं. गेले नाही. पुढच्या रविवारी मुलाची मॅच. दोन वर्ग बुडाले. तिसऱ्या रविवारी गेले, तर जोडाक्षरं संपून वर्ग पुढे पत्रांच्या मायन्यापर्यंत पोचलेला. त्या दिवशी वाचनालयाच्या जिन्यात बसून मी मनापासून चिडले. नवऱ्यावर, आतेभावांवर, मॅचवर. मग लक्षात आलं, की कितीतरी वर्षांत मी माझ्यासाठी म्हणून चिडले नव्हते. मुलाला कमी गुण पडले म्हणून, लेकीला संघात घेतलं नाही म्हणून चिडले होते. हे माझं होतं. बरं वाटलं.

बुडालेलं तलाठी काकांनी भरून काढायला मदत केली. ते सकाळी लवकर येऊन बसायचे. त्यांच्याकडून मी शुहूर सनाचे आकडे पाठ केले. बऱ्याच जुन्या कागदांवर साल अंकात नसतं, अरबी शब्दांत असतं: इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, सीत सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ, अशर दहा. पुढे मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. बेरीज करून जे येईल, त्यात महिना बघून ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन. पोळ्या लाटताना मी हे म्हणत असायची. एक दिवस लेक शाळेतून आली ती जिन्याच्या पायऱ्या मोजत: "इहिदे, इसन्ने, सलास…" सातव्या पायरीवर अडली. मी आतून ओरडले, "सबा!" ती चिडली, "सांगू नकोस ना, मला येत होतं!" खरं सांगते, मलाही वर्गात कुणी आधी सांगितलं की असाच राग येतो.

त्या दोन तासांत आणखी एक गोष्ट व्हायची, जिला नेमकं नाव सुचत नाही. फोन पिशवीत. समोर एकच कागद. घरात आणि कचेरीत मी एकाच वेळी पाच गोष्टी करते आणि पाचही बऱ्यापैकी करते, तेच माझं कौतुक. इथे एकच गोष्ट करायची आणि तीही वाईट. वाईट केली तरी जगात कुठेही काहीही अडत नाही. कुणाचा दावा नामंजूर होत नाही, कुणाचा डबा राहत नाही. पहिले काही आठवडे हे फार अवघड गेलं. मी सारखी मॅडमना विचारायची, बरोबर आहे ना, बरोबर आहे ना. नंतर ते विचारणं थांबलं. कधी थांबलं, कळलं नाही. कचेरीत एक नवा मुलगा लागलाय, तो प्रत्येक फाइल दहा वेळा दाखवायला यायचा आणि मला त्याचा वैताग यायचा. हल्ली येत नाही. त्याचा हात अजून बाळबोधातला आहे, इतकंच.

दिवाळीत साताऱ्याला बाबांच्या मामांकडे गेलो. वय ९०. हातात कंप आहे, चहा बशीतून प्यायलाही दुसऱ्यानं धरावं लागतं. बोलता बोलता मी मोडीचं सांगितलं. ते म्हणाले, "आम्हाला होती की शाळेत. मोडीचं पुस्तकच होतं वेगळं." मी वही-पेन पुढे केलं, उगीच. त्यांनी पेन धरलं, टोक कागदावर थरथरत टेकलं. आणि पहिलं काय केलं असेल, तर पानाच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत रेघ ओढली. थोडी वाकडी, पण अखंड. मग त्या रेघेखाली, पेन न उचलता, स्वतःचं पूर्ण नाव. लिहिताना हात कापला नाही. सत्तर वर्षांत लिहिलं नव्हतं म्हणाले. माझ्या लेकीनं ते पान वहीतून फाडून घेतलं आणि आता ते तिच्या कंपासपेटीत आहे. माझ्या वहीतलं पान मला विचारल्याशिवाय फाडल्याबद्दल तिला मी रागावलेही.

मोठेपणी अक्षर गिरवणाऱ्या बायकांची आपल्याकडे एक वेगळी रांग आहे. मोडी शिकताना ती मला सारखी आठवायची. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी दिवसा राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, स्त्री-पुरुष दोघांसाठी. १८७३ साली रमाबाई ११ व्या वर्षी लग्न होऊन रानड्यांच्या घरी आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. नवऱ्यानं शिकवायला घेतलं आणि घरातल्या इतर बायकांनी त्यापायी किती छळलं, ते त्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'त लिहून ठेवलं आहे. १९१० साली ते पुस्तक आलं. ज्या बाईला अक्षर काढू दिलं जात नव्हतं, तिचं. आणि अलीकडचं म्हणाल तर मुरबाड तालुक्यातलं फांगणे. २०१६ च्या ८ मार्चला तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आज्या, गुलाबी नऊवारी, पाठीला दप्तर, हातात पाटी. शिकवणारी गावातलीच सून आणि विद्यार्थिनींमध्ये तिच्या सासूबाई. अंगठ्याऐवजी सही करता यावी, पोथी आपली आपण वाचता यावी, एवढीच त्यांची मागणी. त्या शाळेच्या बातम्यांत आपण आज्यांच्या साड्यांचा रंग पाहतो आणि गोड वाटून पुढे जातो. सत्तराव्या वर्षी पाटीवर 'ग' काढताना हात कसा बंड करतो, ते मला आत्ता कुठे थोडंसं कळतं. थोडंसंच. माझ्यापाशी एक लिपी आधीच होती. माझं निरक्षर होणं रविवारपुरतं होतं, साडेबारानंतर घरी आलं की मी पुन्हा एम.कॉम.

'दप्तर' हा शब्दही बघा ना. जुन्या कागदांचा साठा तो दप्तर आणि मुलांच्या पाठीवरची पिशवीही दप्तर. पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत, बहुतेक मोडीत. त्यातले बरेच कुणी वाचलेलेच नाहीत, कारण वाचणारे हात मोजके. इतिहास संशोधक राजवाड्यांसारखा माणूस गावोगाव हिंडून घराघरांतले रुमाल सोडवत असे. त्यांनीच १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. मोडी दूर तंजावरातही आहे, तिथल्या सरस्वती महालात मराठ्यांचे कागद जपून ठेवलेत. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, त्यामुळे ती आता संगणकावरही लिहिता येते. हे सगळं मॅडम वर्गात सांगायच्या. माझं चित्त मात्र त्या अफाट दप्तरापेक्षा माझ्या कपाटातल्या एका रुमालाकडे लागलेलं असायचं.

फेब्रुवारीत मी तो सोडला. आठ महिने थांबले होते. आधी सोडला असता, तर काहीच लागलं नसतं आणि मी तो पुन्हा बांधून ठेवला असता. एकवीस कागद निघाले. काहींना कसर लागलेली, घडीवर चिरलेले. सनद वगैरे काही नाही. बाबा असते तर थोडे हिरमुसले असते. बरेचसे वाण्याचे हिशेब, दोन कुळांच्या पावत्या आणि मुद्रांकाच्या कागदावरचं एक गहाणखत.

ते वाचायला मला पाच आठवडे लागले. जेवणं झाली, ओटा पुसला की दिव्याखाली बसायचं. सुरुवातीला चार शब्द लागले. मग कळलं, की शेवटून सुरुवात करावी. तिथे ठरलेली वाक्यं असतात: हे गहाणखत लिहून दिलं सही, साक्षीदार अमुक आणि अमुक. ठरलेलं ओळखीचं होतं, त्याच्या आधारानं अनोळखी ओळखता येतं. शके १८२६. त्यात ७८ मिळवा, म्हणजे १९०४. रक्कम ऐंशी रुपये. गहाण काय, तर ओढ्याकाठचा जमिनीचा तुकडा. तो ओढा मला माहीत आहे, लहानपणी आम्ही त्यात खेकडे धरायचो. आणि पैसे कशाकरिता, तर घरखर्चाकरिता. याहून जास्त काही नाही. घरखर्च.

लिहून देणार कोण, हे शेवटी लागलं, कारण मी तिथे पुरुषाचं नाव शोधत होते. नाव बाईचं होतं. पुढे 'कोम' आणि नवऱ्याचं नाव. कोम म्हणजे बायको. मी भावाला फोन करून आमच्या घरची वंशावळ मागवली. नवऱ्याचं नाव तिच्यात होतं, आमचे खापरपणजोबा. बाईचं नव्हतं. वंशावळीत बायकांची नावं घालायची पद्धतच नव्हती. खापरपणजीचं नाव मला एका कर्जाच्या कागदानं सांगितलं, १२० वर्षांनी, तेही मला मोडी येऊ लागली म्हणून. रात्री पावणेबारा वाजले होते. घरात सगळे झोपले होते. मी ते नाव हळूच मोठ्यानं उच्चारून बघितलं.

कागदाच्या तळाशी, जिथे सही असायला हवी, तिथे एक गोल होता. बोरूनं काढलेला, पुरता न जुळलेला, जिथे सुरू झाला तिथे शाईचा ठिपका. मला वाटलं डाग असेल. शेजारी लिहिणाऱ्यानं बारीक अक्षरात टीप दिली होती, ती दुसऱ्या दिवशी लागली: निशाणी बांगडी. ज्यांना लिहिता येत नसे ते आपली निशाणी काढत. शेतकरी नांगर काढी, बाई बांगडी. हे वर्गात शिकवलेलं होतं, मी वहीत उतरवूनही घेतलं होतं. पण कुणीतरी तिच्या हातात बोरू दिला असेल, गोल कुठे काढायचा ते बोट ठेवून दाखवलं असेल आणि तिनं तो काढला असेल, हे काही वहीत नव्हतं. ज्या कागदानं तिची जमीन गहाण पडली, तो तिला कुणीतरी वाचून दाखवला असणार. काय वाचलं आणि काय गाळलं, कोण जाणे.

लेक पाणी प्यायला उठली होती. माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाली, "हे शून्य कशाला काढलंय?" मी म्हटलं, सही आहे. तिनं जवळून बघितलं. "नीट जुळलं नाहीये," म्हणाली आणि जाऊन झोपली.

कागदात एक शब्द अजून लागत नाही, नवऱ्याच्या नावाशेजारचा. तलाठी काकांच्या मते ते गावाचं नाव आहे. मॅडम म्हणतात, पहिलं अक्षर 'म' धरलं तर 'मयत' होईल, म्हणजे नवरा तोवर गेलेला होता. मला पहिलं अक्षर 'म' वाटत नाही. या रविवारी मोठं भिंग घेऊन जाणार आहे. पोहे नवरा करतोय.